जुनी गाडी मध्येच दम का सोडते?

गोव्यातल्या पर्वरीचा चढ अर्धा झाला की गाडी अचानक मरगळते. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ओढत नाही, दोन-तीन झटके मारते, मागचा बसवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. वर पोचल्यावर गाडी पुन्हा पहिल्यासारखी. गॅरेजमध्ये नेली तर अर्धा तास स्टार्ट ठेवूनही काही होत नाही. मेकॅनिक प्लग बदलतो, पैसे घेतो, आणि पुढच्या आठवड्यात फर्मागुडीच्या चढावर तोच प्रकार.

हल्ली याला एक तयार उत्तर मिळालं आहे: पेट्रोल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, २०२५ मध्ये ते देशभर नेहमीचंच झालं, आणि तेव्हापासून जुन्या गाडीचं प्रत्येक दुखणं त्याच्या नावावर जमा होतं. त्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे येईलच. पण पेट्रोल रोज तेच आणि बिघाड मात्र आठवड्यातून एकदा, याचा मेळ त्या उत्तरात बसत नाही.

हा लेख आहे साधारण २००० ते २०१२ या काळातल्या पेट्रोल गाड्यांबद्दल. सँट्रो १९९८ मध्ये इंजेक्शन घेऊनच आली, २००० च्या सुमारास मारुती ८०० चा कार्ब्युरेटर गेला, मग झेन, वॅगन-आर, अल्टो. गोव्यात या गाड्या अजून भरपूर दिसतात. पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेता येते, आणि वाड्यावरच्या अरुंद वाटेला छोटी गाडीच बरी पडते.

अधूनमधून होणारा बिघाड पार्ट बदलत बसून सापडत नाही. तो होत असतानाच पकडावा लागतो. तो कधी होतो हे आधी ठरवायचं, आणि त्याच परिस्थितीत मोजमाप घ्यायचं. पुढचं सगळं या दोन कामांबद्दल आहे.

इंजेक्शनची गाडी चालते कशी

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी. जळलेला धूर बाहेर पडायला मोकळी वाट हवी, ती चौथी. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा स्वतःच पेट्रोल ओढून घ्यायची. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. हा दाब बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पंपाच्या साधारण दहापट. इंजिनापाशी इंजेक्टर नावाच्या विजेवर उघडणाऱ्या बारीक झडपा असतात. त्या किती वेळ उघड्या ठेवायच्या हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात.

ईसीयू स्वतः काही पाहू शकत नाही. हवा किती आली, इंजिन किती तापलंय, पेडल किती दाबलंय, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) कुठल्या स्थितीत आहे, हे त्याला सेन्सर सांगतात. बहुतेक सेन्सर ० ते ५ व्होल्टच्या भाषेत बोलतात. हा आकडा लक्षात ठेवा, खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलताना तो लागेल.

नेमकं चढावरच का?

घराच्या छपरावरची टाकी आठवा. पाइप आतून अर्धा बुजलेला असला तरी एकच नळ उघडला तर पाणी ठीक येतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि परसातला नळ एकदम उघडला की धार करंगळीएवढी होते. दोष सकाळीही होता, फक्त मागणी नव्हती. गाडीच्या पेट्रोलचं असंच आहे. उभ्या गाडीत इंजिनाला पेट्रोल अगदी थोडं लागतं, थकलेला पंप आणि चोंदलेला फिल्टरही तेवढं देतो. चढावर पेडल पूर्ण दाबलं की मागणी कितीतरी पटीने वाढते, दाब कोसळतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी मरगळते. वर पोचून पाय काढला की मागणी घटते आणि सगळं सुरळीत.

ठिणगीचंही असंच आहे, कारण वेगळं. पेडल दाबल्यावर सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि जास्त दाबली जाते. दाट हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. प्लगची फट झिजून वाढलेली असेल किंवा प्लगला वीज नेणाऱ्या हाय टेन्शन वायरला बारीक चीर असेल, तर विजेला प्लगमधून उडी मारण्यापेक्षा चिरेतून बॉडीवर पळून जाणं सोपं जातं. एक सिलिंडर चुकतो, याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात.

गॅरेजमध्ये उभ्या गाडीची तपासणी इथे फसते. स्टार्टिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, सगळं नॉर्मल निघालं, याचा अर्थ एवढाच की स्टार्टिंगवर सगळं नॉर्मल आहे.

आधी वही काढा

मेकॅनिककडे जाण्याआधी पंधरा-वीस दिवस गाडीत छोटी वही ठेवा. फोनवर बोलून ठेवलंत तरी चालेल, पण गाडी बाजूला लावून. इंजिन थंड होतं की तापलेलं? पाऊस होता का? टाकीत पेट्रोल किती होतं? एसी चालू होता? चढ होता की सपाट? पेडल किती दाबलेलं होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताकद हळूहळू गेली, की कोणी स्विच बंद केल्यासारखी क्षणात?

हळूहळू गळणारी ताकद बहुधा पेट्रोलच्या किंवा हवेच्या वाटेतली अडचण दाखवते. क्षणात जाणारी आणि क्षणात परतणारी ताकद बहुधा विजेची. नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात कुठून करायची हे यावरून ठरतं. फक्त पावसात होत असेल तर कॉइल आणि वायर. तापल्यावरच होत असेल तर सेन्सर, कॉइल, रिले (विजेवर चालणारा स्विच). पाव टाकीच्या खाली असताना होत असेल तर पंप. पेडलच्या एका ठरावीक जागीच झटका येत असेल तर थ्रॉटलचा, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा, सेन्सर, कारण त्याच्या आतली पट्टी आपण रोज जिथे पाय ठेवतो तिथेच झिजते.

याच वहीतून बिघाड नसलेल्या गोष्टीही गळून पडतात. इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय, इंजिन ठीक आहे. वीस मिनिटं चालवून उतरल्यावर एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेलं लागलं (डिस्कला हात लावू नका, रिमजवळ हात नेला तरी कळतं) तर ब्रेक अडकलाय. आणि ८०० सीसीची गाडी, चार माणसं, डिकीत काजू-कोकमाच्या पिशव्या, एसी चालू आणि समोर चोर्ला घाट: या परिस्थितीत गाडी दमली तर तिला बिघाड म्हणू नये.

पंप, फिल्टर आणि टाकी

टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. वर्षानुवर्षं शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी चालवली की पंप कोरडा, गरम चालतो आणि लवकर थकतो. थकलेला पंप एकदम मरत नाही. तो तापला की मंदावतो आणि निवला की परत जोर धरतो. लोक ज्याला ‘कधी होतं कधी नाही’ म्हणतात त्याचं हे नेहमीचं कारण.

तपास सोपा आहे, पण करतात थोडे. पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर गेज जोडायचं आणि गाडी जिथे दम सोडते त्या रस्त्याने ती चालवायची. मोजणारा वेगळा, चालवणारा वेगळा. चढावर काटा ठरलेल्या दाबाखाली घसरला तर प्रश्न पेट्रोलच्या वाटेत आहे. काटा जागचा हलला नाही आणि तरी गाडी मरगळली, तर पंप निर्दोष. तो बदलण्याचे पैसे वाचले. हे काम घरी करू नका. लाइन बंद गाडीतही दाबाखाली असते. जाणता मेकॅनिक आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि मगच लाइन सोडवतो.

दाब कमी निघाला म्हणजे पंपच गेला असंही नाही. फिल्टर चोंदलेला असू शकतो, पंपाच्या तळाची जाळी गाळाने भरलेली असू शकते, आणि पंपाला वीजच पुरेशी पोचत नसेल असंही होतं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर ११.५ असतील तर मधले दोन व्होल्ट वायरिंगने खाल्ले. नवा पंप बसवला तरी तो तसाच मंद चालेल. म्हणून पंप बदलण्याआधी तिथलं व्होल्टेज मोजा, तेही पंप चालू असताना.

एक फुकटची चाचणी तर कोणीही करू शकतो. गाडी दम सोडते तेव्हा सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा. आत जोरात हवा शिरल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर टाकीत हवा येण्याची वाट बंद झाली आहे. पंप पोकळीशी झगडत होता.

मग ई-२० चा दोष नाहीच?

आहे, पण वेगळ्या वाटेने. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज कमी मिळणं स्वाभाविक आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींना ६-७ टक्के घट धरलेली होती. पण ही घट रोजची, सारखी असते. मंगळवारी चढावर येऊन बुधवारी गायब होत नाही.

जुन्या गाडीला इथेनॉल त्रास देतं ते असं. एक, ते टाकीच्या भिंतीवर बसलेला जुना राळेसारखा थर सोडवतं आणि तो जाळीत व फिल्टरमध्ये जाऊन बसतो. दोन, शुद्ध पेट्रोलच्या काळातले रबरी पाइप आणि सील त्याने कडक होतात किंवा फुगतात. तीन, इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडे बोटीवर किंवा आखातात कामाला असणाऱ्यांच्या गाड्या सहा-सहा महिने उभ्या राहतात, त्यात सबंध पावसाळा येतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा खेळत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याला धरून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. पंप पेट्रोल उचलतो ते तळातूनच. लोखंडी टाकी असेल तर गंजाचे कणही सोबत.

तेव्हा ई-२० ला शिव्या देऊन उपयोग नाही. दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी असेल तर टाकी रिकामी करून पाहा, फिल्टर बदला, पाइप दाबून तपासा. आणि महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. आत हवेला जागाच कमी राहते.

खारं वारं आणि अर्थिंग

गोव्यातल्या जुन्या गाड्यांबाबत माझा पहिला संशय पंपावर जात नाही, अर्थिंगवर जातो. वास्को, कळंगुट, मांद्रे, कुठेही समुद्राकाठी गाडी उघड्यावर दहा-पंधरा वर्षं राहिली की हवेतलं मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून प्रत्येक जोड पोखरतात. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे रंगाखाली गंज शिरतो. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं.

गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे बॉडी. ती वाट अरुंद झाली की सेन्सरच्या मापाचा शून्य हलू शकतो. ईसीयू ५ व्होल्टच्या पट्टीवर मोजतो. अर्थमध्ये अर्धा व्होल्ट अडला तरी दहा टक्क्यांची चूक झाली. सेन्सर खरं बोलत असतो, ईसीयूला मात्र भलतंच ऐकू येतं. मग हेडलाइट, वायपर, एसी एकदम चालू असताना गाडी विचित्र वागते आणि दिवसा कोरड्या हवेत शहाण्यासारखी चालते.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो, पण ओहमच्या सेटिंगवर नाही. वायरचे वीस धागे कुजून एकच शिल्लक असला तरी ओहममध्ये ती वायर ठणठणीत दिसते, कारण मोजताना तिच्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. इंजिन सुरू करून हेडलाइट, पंखा, एसी सगळं लावा. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट सोडवा, धातू चकाकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वर ग्रीस लावा. खर्च जवळपास शून्य. मग हेच बॉडीपाशी आणि ईसीयूच्या अर्थपाशी.

पावसातल्या मिसिंगसाठी रात्रीची एक जुनी युक्ती आहे. अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, कॉइल आणि वायरींवर स्प्रेने पाण्याची बारीक फवार मारा. वीज गळत असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. हात मात्र लांब. तिथलं व्होल्टेज हजारोंत असतं.

तापल्यावर रुसणारे

क्रँक सेन्सर हा यातला सराईत गुन्हेगार. क्रँक फिरतोय हे तोच ईसीयूला सांगतो. त्याचा सिग्नल गेला तर बऱ्याच गाड्यांत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकाच क्षणी थांबतात. अनेक गाड्यांत तो म्हणजे केसाएवढ्या तारेची गुंडाळी. तार आत तुटलेली असली तर थंडीत टोकं चिकटून राहतात आणि तापल्यावर अलग होतात. गाडी बंद पडते, वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी चालू होते. आरपीएमचा काटा असेल तर एक खूण सापडते: गाडी गिअरमध्ये धावत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर सिग्नल गेला. पेट्रोल तुटलं असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरतो.

कॉइलचं दुखणं असंच. रिलेत आतल्या सोल्डरला तडा जातो. गाडी हादरली की जोड सुटतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुंजल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ओळखीचा करून घ्या. गाडी बंद पडलेली असताना चावी फिरवून तो आला नाही, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायर यांपैकी एक. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टिचकी मारल्यावर आवाज आला, तर शोध तिथेच संपला.

चोंदलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल (धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या वाटेतला भाग) बरंच बोललं जातं. तो वरच्या आरपीएमला गाडी गुदमरवतो खरा, पण सहसा कायमचा, अधूनमधून नाही.

स्कॅनर लावला की कळत नाही का?

कधीकधी. भारतात कारसाठी ओबीडी ही स्व-तपासणीची व्यवस्था २०१० नंतर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. काहींत दोन पिना जोडून इंजिन लाइटची उघडझाप मोजावी लागते. गाडी जुनी आहे म्हणून स्कॅनर लागत नाही असं कोणी सांगितलं तर त्याला ही पद्धत विचारा.

बिघाडाचा कोड मिळाला तरी तो पार्टचं नाव समजू नका. ऑक्सिजन सेन्सरने ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड टाकला, तर बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो आणि दोष पंपात किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमध्ये असतो. लोक मात्र बातमी आणणारा सेन्सरच बदलतात.

चालत्या गाडीतले आकडे दाखवणारा स्कॅनर मिळाला तर फ्युएल ट्रिम पाहा. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. शून्याच्या आसपास हवा. स्टार्टिंगवर तो वीसपर्यंत चढलेला आणि वेगात खाली येत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. स्टार्टिंगवर ठीक आणि ओझं वाढेल तसा वर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय.

एवढं करण्यापेक्षा पार्ट बदलून टाकले तर?

प्लग, हवेचा आणि पेट्रोलचा फिल्टर यांची मुदत संपली असेल तर जरूर बदला. तांबड्या धुळीच्या रस्त्यांवर हवेचा फिल्टर तर पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच भरतो. त्यापुढे मात्र अंदाजाने पंप, मग कॉइल, मग सेन्सर असा क्रम लावलात तर खर्च गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करतो. शिवाय डब्यातला नवा पार्ट चांगलाच असेल याची खात्री नसते. नकली सेन्सर बसवून मूळचा चांगला भंगारात गेला की एकाचे दोन बिघाड होतात. काढलेला पार्ट परत मागून घ्या आणि गाडीत ठेवा.

मेकॅनिककडे जाताना ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. ‘तीस किलोमीटर चालल्यावर, पाव टाकीच्या खाली, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर, हळूहळू’ असं सांगा, आणि त्याच चढावर त्याला शेजारी बसवून न्या. जो यायला तयार होईल त्याच्याकडे गाडी द्या.

दुरुस्त झालं हे कसं ठरवायचं

दुरुस्तीनंतर दोन दिवस गाडी नीट चालली, यावरून काहीच कळत नाही; बिघाड असतानाही ती कितीतरी दिवस नीट चालत होतीच. वहीत ज्या परिस्थितीची नोंद आहे ती मुद्दाम पुन्हा जमवा: तेवढंच तापलेलं इंजिन, तेवढंच पेट्रोल, एसी तसाच, चढ तोच. पावसातला बिघाड मार्चमध्ये दुरुस्त केला असेल तर त्या कॉइलवर पाणी फवारून बघा, नाहीतर बिल मिटवायला जूनपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.